पाला न पेटवलेलं रान

माझं माहेर जयसिंगपूरच्या बाजूचं. लगीन होऊन बावड्याला आलो तवापासनं ऊसच बघतोय. मालक कारखान्यात पाळीला, म्हणून रान माझ्याकडं. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं ऊस तुटला की पाला पेटवायचा ही रीतच, तोडणीची टोळी फडातनं बाहेर पडायला आन काडी वढायला एकच गाठ. सगळं शिवार धुरानं भरायचं, बांधावरची जांभळं होरपळायची, वाळत घातलेल्या कापडावर काजळी, आन लोक म्हणायचं, रान साफ झालं.

नव्वदीच्या शेवटाला कारखान्याच्या शेती खात्यातली एक पोरगी गावात आली. म्हणाली, पाला जाळू नका, सरीत दाबा, कुजून खत हुतंय, वल टिकती, हवाबी नासत न्हाय. सगळी हसली. मला पटलं, कारण रान दरसाली कडक हुईत चाललं हुतं, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या. भावजी, म्हंजे माझं दीर, म्हणालं, करा वहिनी, पण खोडवा आला न्हाय तर फुडच्या साली रान मी कसणार, तुम्ही नुसती भाकरी घिऊन यायची. खोडवा म्हंजे तुटल्या बुडख्यातनं परत फुटतो तो ऊस. मी म्हटलं, चालंल.

आन गडबडीत मी काय केलं, पाला सगळ्या रानावर गादीवानी पसरला, बुडख्यावरबी. दिस गेलं, पर एक कोंब वर येईना. शेजारचं दस्तगीरमामू बांधावरनं म्हणायचं, वहिनी, ऊस झोपलाय व्हय, पांघरूण लई जाड घातलंसा. भावजी रोज सायकलवरनं यायचं, नुसतं बघून जायचं, त्यापरास शिव्या बऱ्या. मग एका कोपऱ्यातला पाला उचलला तर खाली कोंब हुतं की, पिवळं, वाकडं, उजेड हुडकत वळलेलं. पोरीनं सरीत सांगितलेलं, मी सगळीकडं घातलेला. जाऊबाईला हाक मारली, ती नवऱ्याला, म्हंजे भावजींना, न सांगता आली, दोघींनी बुडखा न् बुडखा मोकळा केला, पाला सरीत वढला, वर युरिया टाकून पाणी दिलं. रान हिरवं झालं.

तवर मामूचा ऊस तुटला. बघतोय तर मामू बांधाला काडीपेटी घिऊन हुभं. पळत गेलो. म्हटलं, मामू, तुमची एक ठिणगी इकडं आली तर नुसता खोडवा न्हाय, रानच हातातनं जातंय. मामू म्हणालं, मग पाल्यात काय उंदरं-साप पाळू? म्हटलं, हिकडं या, हात घाला. उन्हाचा कडाका, लाईट न्हाय, मोटारी बंद, मामूच्या रानाला भेगा, आन माझ्या पाल्याखालच्या मातीचा लाडू वळत हुता. मामूनं ती माती मुठीत दाबली, परत दाबली. काडीपेटी खिशात घातली, म्हणालं, राहू दे, बिडीला हुईल.

पर हातानं पाला वढून कंबर मोडती, म्हणून तर लोक काडी वढत्यात. मग मामू, मी आन जाऊबाई कारखान्यावर गेलो. साहेबाला म्हटलं, भाषणं झाली की, आता पाला बारीक करायचं मशीन घ्या. साहेब म्हणालं, मीटिंगमधी मांडतो. जाऊबाई म्हणाली, मांडा, आम्ही भाईर बसतो. बसलो. फुडच्या हंगामाला मशीन आलं. पैला नंबर कुणी लावला म्हणतासा? भावजींनी.

रान अजून माझ्याकडंच हाय. त्यात आता तिसरा खोडवा हुभा हाय. वढ्यापल्याड अजून धूर दिसतोय, मशीन एक आन गावं किती, लगीच काय हुईत न्हाय. पण यंदा तिकडची दोघं-तिघं इचारायला आलती. म्हटलं, करा, पण आदी शेजाऱ्याला गाठा, एकट्यानं हे जमत न्हाय. धूर थांबला तर पोरांचं भलं हुईल त्यांच्या.