घासलेले हात

ताई : नळ बंद कर. बंद कर म्हणते ना! आणि ती भांड्यांची घासणी आहे, हातांची नव्हे.

भाऊ : झालंच, ताई. नखांच्या कडा राहिल्यात तेवढ्या.

ताई : कडा कसल्या, रक्त आलंय तिथे. वाफा निघतायत पाण्यातून! हात धुतोयस की उकडतोयस?

भाऊ : गॅरेजमधलं ऑइल आहे ते, साध्या साबणाला दाद देत नाही. आधी रॉकेल, मग कपड्यांची पावडर, मग घासणी. शेवटी लिंबू, वास जायला.

ताई : या चिरांवर लिंबू? झोंबत नाही?

भाऊ : झोंबतं तर! झोंबलं की कळतं, स्वच्छ झाले.

ताई : धन्य आहेस बाबा! दिवसातून किती वेळा हे?

भाऊ : दुपारी जेवायला आलो की, संध्याकाळी परतलो की, आणि… बाळाजवळ जावंसं वाटलं की.

ताई : मग जातोस का जवळ? आत तुझी बायको बॅग भरतेय. चारच्या गाडीने माहेरी निघालीय. सकाळी फोनवर ढसाढसा रडली माझ्याजवळ. म्हणाली, मुलगी झाली म्हणून यांनी तोंड फिरवलं, सव्वा महिन्यात एकदा उचललं नाही लेकीला.

भाऊ : मुलगी झाली म्हणून? अगं, मुलगीच हवी, मुलगीच हवी म्हणून नऊ महिने मीच डोकं खाल्लं होतं तिचं!

ताई : मग घोडं अडलं कुठे?

भाऊ : घरी आणली त्या दिवशी गालाला हात लावला. जेमतेम लावला गं. अशी किंचाळली! लाल ओरखडा उठला. मला वाटलं, मळ लागला, रॉकेलचा दर्प गेला नाकात. म्हणून जास्त घासायला लागलो. आठ दिवसांनी नुसतं बोट पुढे केलं, तर पुन्हा तेच. मग धीरच झाला नाही.

ताई : दाखव हात. अरे देवा, किसणी झालीय याची! वीस वर्षं दवाखान्यात ड्रेसिंग करतेय मी. वेड्या, मळ नव्हता तो. ही वाळकी सालं टोचली तिला. जितकं घासशील तितकी कातडी फाटणार, आणि फटीत काळं आणखी जाऊन बसणार.

भाऊ : म्हणजे मीच…

ताई : तूच. मायेने केलंस, पण केलंस तूच. रॉकेल, पावडर, लिंबू आजपासून बंद. कोमट पाणी, साधा साबण, आणि हात ओलसर असतानाच मलम. कामावर हातमोजे. या चिरा उद्या आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या.

भाऊ : उद्या? ती चारला निघालीय ना.

ताई : मग आत जा, आणि मला सांगितलंस ते तिला सांग.

भाऊ : मला नाही जमत असलं बोलायला. तू सांग ना.

बायको : (बाळाला घेऊन दारात उभी) कुणी सांगायला नको. ऐकलंय मी सगळं.

भाऊ : अगं…

बायको : सव्वा महिना! मी तिकडे उशीत तोंड खुपसून रडायची, आणि तुम्ही इकडे मोरीत हात सोलत बसायचा? एका शब्दाने बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

भाऊ : लाज वाटली. बापाचा हात पोरीला सोसत नाही, हे सांगायचं कसं?

ताई : भांडा नंतर, पोटभर भांडा. आधी ते दुपटं दे गं इकडे. हां, हातांवर असं पसर. कोपर आत घे रे. मान सांभाळ.

भाऊ : टोचेल ना तिला?

ताई : दुहेरी दुपटं आहे. नाही टोचत.

बायको : धरा. मी सोडतेय हं.

भाऊ : रडत नाहीये!

बायको : कशाला रडेल? अहो, पण तुम्हाला काय झालं? जड वाटतेय का?

भाऊ : नाही गं. केवढी आहे, तेच आजवर ठाऊक नव्हतं मला.