आखाजीच्या मांड्यांची मोजणी

मी मूळची यावलकडची, भाऊ. बाप दुसऱ्याच्या केळीत राबायचा, आई मांडे करायची, आणि माझ्या अंगी गुण म्हणाल तर एकच, पीठ हातावर घेऊन कोपरापर्यंत असं पातळ पसरवायचं की पलीकडचं माणूस दिसावं, बाकी अक्कल बठ्ठी, म्हणजे सगळी, शून्य. पिंप्राळ्यात सून होऊन आले तेव्हा हे खेडंच होतं, आता जळगावनं गिळलं, कॉलन्या झाल्या. सासू आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, लोकांना पुरणाचे मांडे करून द्यायची. बाकी वर्ष किरकोळ, घर चालायचं ते त्या एका दिवसावर.

पहिल्या आखाजीला मी सासूला म्हटलं, तुम्ही बसा आत्या, मी बघते. केवढा तोरा! काय सांगू तुम्हाला, घरातली होती नव्हती ती सगळी हरभऱ्याची डाळ भिजवली, मोठा सण आहे, लोक तुटून पडतील. दुपार झाली, गिऱ्हाईक संपलं, पुरण उरलं, आणि वैशाखातलं पुरण म्हणजे गरम असतं तोवर सोनं, दिवस कलला की आंबलं. म्हशीपुढं ठेवलं, तिनं वास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं जशी तीच माझी सासू. खरी सासू मागं उभी होती, ती म्हणाली, येडी, आधी मानसे मोज, मंग दाय मोज, आखाजीले दोनच जन येतस, लेकी आनि मरेल मानसे. तिची दाय म्हणजे आपली डाळ.

तेव्हा मला कळलं की ही बाई वर्षभर काय करते. आमच्याकडं आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पुढं पुरणाचा नैवेद्य. वर्षात कुणी गेलं असेल तर त्याची ती पहिली घागर, भाऊबंद सगळे जेवायला. म्हणून सासू उजव्या हातावर लेकी मोजायची आणि डाव्या हातावर गेलेले. लेक येणार त्या घराला थोडे मांडे, मयत झालेल्या घराला पाटीभर. डाळ जास्त झाली तर आपलं घर बुडालं, कमी पडली तर कुणाचा तरी मेलेला घागरीशी येऊन उपाशी परतला, आणि ते पाप त्याहून वाईट. मीही शिकले. कुणाकडं सांत्वनाला गेले की एका डोळ्यानं रडायची, दुसऱ्यानं बघायची भाऊबंद किती आलेत, किती डाळ लागेल. हसू नका, खरं सांगते, एकदा रडता रडता तोंडातून निघालं, अगं बाई, एवढी माणसं! लोकांना वाटलं दुःखानं बोलते.

त्या मोठ्या आजाराच्या साली मात्र डावा हात पुरेना, आणि डाळ भिजवली ती मूठभर, कारण मेलेले होते पण जेवायला यायला कुणी घराबाहेर पडू शकत नव्हतं. मांडे भाजायचं मातीचं खापर गार बघून मी पहिल्यांदा घाबरले.

माझी मंगल धुळ्याला दिली होती. दर आखाजीला यायची, येता येताच पदर खोचून खापराशी बसायची. तिला कडेला करपलेला मांडा आवडायचा, जो गिऱ्हाईक घेत नाही तो. मी म्हणायची, मेले, तुझ्यामुळं माझा खराब मालसुद्धा शिल्लक राहत नाही. गेल्या दिवाळीनंतर काविळीनं गेली.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी मी आणि सून, ज्योती, डाळ भिजवायला बसलो. ऑर्डरी आता तिच्या मोबाईलवर येतात, पण आयत्या वेळेला येणारे लोक माझ्या बोटांवरच असतात. उजव्या हातावर मोजत गेले, शिंप्याची थोरली येणार, समोरची जुळ्या पोरांना घेऊन येणार, आणि आपली मंगल, तिच्यासाठी करपलेला काढून ठेव. ज्योतीनं पातेलं खाली ठेवलं. मग मी म्हटलं, बरं, डाव्या हातावर धर. तेही जमेना, कारण सासरी दिलेल्या लेकीची घागर सासरीच भरतात, माहेरी नाही. म्हणजे बघा भाऊ, जन्मभर गावचे जिते मेले मोजले आणि पोटच्या पोरीला माझ्या दोन्ही हातांवर जागा नव्हती.

दिवेलागणीला जावयाचा फोन आला. आई, उद्या तिची पहिली घागर, इथं मांडे तिलाच यायचे, विकतचे ठेवायला मन होत नाही, तुमच्या हातचे मिळतील का. आता आमच्या सासूचा नियम असा की आखाजीचा माल वेशीबाहेर द्यायचा नाही, उन्हात आंबतो. आणि धुळे म्हणजे बसचे तीन तास, वर नैवेद्य होईस्तोवर दुपार. मी म्हटलं, मिळतील.

पहाटे खापराखाली जाळ पेटवला. पुरण नेहमीपेक्षा जास्त घोटलं, पाण्याचा थेंब राहू दिला नाही, मांडे कोरडे भाजले, बाजेवर धोतर टाकून एकेक उघडा गार केला, कारण गरम मांड्याची घडी घातली की त्याला घाम सुटतो आणि तिथूनच तो नासतो. मुलगा पहिल्या बसनं पाटी मांडीवर घेऊन गेला. सकाळभर दारात गिऱ्हाईक आणि माझं नाक धुळ्याला. आंबले असतील तर? पहिल्याच घागरीशी माझी पोर आंबट घास खाऊन परत जाईल?

दुपारी जावई बोलला, पोचले आई, आंबले नाहीत. मी विचारलं, तिच्या नावानं जेवायला सवाशीण कोण बसवली? म्हणाला, शेजारच्या वहिनी, खूप जेवल्या, तो करपलेला होता तोसुद्धा मागून घेतला. मी म्हटलं, मग जवाईबुवा, ती शेजारीण नव्हे.

इकडं माझ्या दारात शेवटच्या घराला डाळ पुरली, शिल्लक काहीच नाही. मोजणी बरोबर आली. आत जाऊन जरा बसले.

आता ज्योती मोजते. मी नुसती खापराशी. तुम्ही मांडा ताटात घेऊन लिहिताय काय, आधी खा, गार झाला की चामडं होतो. लेक आहे ना तुम्हाला? मग दर आखाजीला माझ्याकडून थोडेच मांडे न्या, भाऊ. तुमचं घर माझ्या उजव्या हातावरच राहो.