नऊशे एक्क्याण्णवावा दिवस

चार भाषणं झाली, चार पुष्पगुच्छ झाले, आणि एकाच्याही तोंडून माझ्या जावेचं नाव निघालं नाही. जिच्यावर खापर फोडलं ती घरी, आणि इथं टाळ्या! असो. रीत आहे, ती पाळते. सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे संगणक विभागाचे मोठे साहेब, नर्सबाई, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागं उभे असलेले आमचे सफाईवाले, सगळ्यांना नमस्कार.

मी चौथी शिकलेली. एकोणीस वर्षं या रुग्णालयाच्या फरशा पुसते. मला सांगितलंय, "मावशी, दोन शब्द गोड बोला." गोडच हवं होतं तर मला कशाला उठवलंत?

साहेब शिस्तीचे, यात वाद नाही. यंत्रांच्या खोलीबाहेर त्यांनी फळा लावला होता. मुख्य यंत्र किती दिवस न थांबता चालू आहे, तो आकडा त्यावर. रोज सकाळी पुसून नवा लिहायचं काम माझं. निवृत्तीआधी साहेबांना हजार गाठायचे होते. हौस असते माणसाला.

माझी धाकटी जाऊ त्याच खोलीत यंत्रं सांभाळायच्या कामाला. आमचं फार पटतं असं नाही. ती माझ्या चहाला नावं ठेवते, मी तिच्या उशिरा उठण्याला. पण कामात चोख. एकदा डबा खाताना म्हणाली, "जाऊबाई, आपल्या वेब सर्व्हरमध्ये भोक निघालंय."

"मग बुजव की. मला काय सांगतेस?"

"अर्धा तास यंत्र थांबवावं लागतं. साहेब सही देत नाहीत."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. खिडकीवर आपला एक माणूस बसलाय असं समजा. लोक चिठ्ठी देतात, तो रिपोर्ट काढून देतो. पण कुणी चिठ्ठीत एका ठरावीक तऱ्हेनं लिहिलं, कपाटं उघड, किल्ल्या मला दे, तर तो मुकाट देतो. लिहिणारा जगात कुठंही बसलेला असो.

"अगं, इतका कसा बावळट?"

"सांगितलेलं ऐकतो हो. तुमच्या दिरांसारखा नाही."

भोक बुजवायची दुरुस्ती आलेली होती, नुसती बसवायची होती. पण यंत्र थांबवायचं तर कागदी अर्ज आणि त्यावर साहेबांची सही, हा साहेबांचाच नियम. तिनं तीनदा अर्ज दिला. मी रोज आकडा वाढवत राहिले. मलाही तो मोठा होताना बरं वाटायचं. ते माझ्याही माथी आहे, नाकारत नाही.

नऊशे एक्क्याण्णव लिहिला त्या सकाळी कुणीतरी लांबून आत शिरलं आणि रुग्णांची सगळी माहिती कुलूपबंद झाली. सहा नंबरच्या खाटेवर एक शिक्षिका होत्या. कोणतं इंजेक्शन त्यांना चालत नाही, ते फक्त संगणकात. त्या शुद्धीत नव्हत्या, विचारणार कुणाला? तेच दिलं गेलं. दुपारी त्यांच्या चपला मी त्यांच्या मुलीच्या हातात दिल्या.

चौकशीत साहेब म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." अर्ज सापडेनात. जावेला घरी बसवलं. येत्या शुक्रवारी तिच्या बडतर्फीवर सही होणार, आणि त्या बाईंचा जीव कायमचा तिच्या माथी.

आता ऐका. पाठकोरा कागद माझ्यानं फेकवत नाही. साहेबांच्या कचऱ्याच्या टोपलीतले कागद मी आमच्या फडताळात अंथरते. परवा फिनेल सांडलं म्हणून कागद काढला, तर जावेचा अर्ज: तिचं अक्षर, तिची सही, तारीख. आणि वर लाल शाईत दुसरं अक्षर: 'हजार झाल्यावर पाहू.' एकेक अक्षर लावत मी ते तीनदा वाचलं.

डॉक्टरसाहेब, ती फुलं जरा सरकवा. ही झेरॉक्स तुमच्यापुढं ठेवते. मूळ कागद माझ्याकडं आहे. आणि साहेब, तुम्ही खाली काय बघताय? इकडं बघा.

बोलू दिलंत, आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. कागदावर लिहिलंय त्याची माफी मात्र मी मागणार नाही. ते लाल अक्षर साहेबांचं आहे की नाही, एवढंच, डॉक्टरसाहेब, तुमच्याकडून लेखी हवंय. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत. मी तुमच्या दारात उभी असेन, आणि सहा नंबरच्या बाईंची मुलगीही येणार आहे.