भिकन एकटाच पळाला

मालक बदलला म्हणे! तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत तिसऱ्यांदा... अहो, आपल्या इथं विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं गेली, मोर्चे निघाले, घरं जळाली, माणसं गेली, अन् ह्या स्वस्तातल्या विमान कंपनीचं नाव बदलायचं तर काय? एक पेंटर शिडीवर चढवला, झालं! आधी मुंबईचा शेठ, मंग दिल्लीचा, अन् आता म्हणे परदेशी पैसा.

भिकनला त्याचं काय? चिकलठाण्याच्या विमानतळावर सामान उतरवणारा धनगराचा गडी. संगं तिघं, त्याच्याच वस्तीवरचे, त्यानंच कामाला चिकटवलेले, त्यातला धोंडिबा तर सख्खा मेव्हणा. मालक बदलला तर बदलू द्या, बॅगा त्याच!

पण हा सौदा व्हायच्या आधी मॅनेजर व्यंकटराव आले हात चोळत, "भिकन, परदेशी पाहुणे बघायला येणारेत हं, पसंत पडलं तर पैसा ओततील, नाहीतर कुलूप. जरा चपळाई दिसू द्या." कुलूप म्हटल्यावर भिकनचं डोकं कुठं धावलं? मेंढ्यांच्या बाजारात! गिऱ्हाइकापुढं तगडा मेंढा पळवून दाखवायचा, त्याच्यावर अख्खा कळप खपतो, ही बापजाद्यांची रीत. विमान उतरलं, पाहुण्यांनी घड्याळं काढली, अन् हा तिघांना म्हणतो, "सरका रं, आज म्या एकटाच." अन् पळाला की हो! चौघांना वीस मिनिटं लागायची, ह्यानं एकट्यानं बावीस मिनिटांत विमान रिकामं केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, व्यंकटरावांनी पाठ थोपटली, भिकन लई खूश...

पैसा आला, मालक बदलला, अन् आठ दिवसांत कागद आला. एकाला बावीस मिनिटं पुरतात, तर चौघं कशाला? तिघं घरी! आता मला सांगा, एक मेंढा पळाला म्हणून बाकीचा कळप कुणी बाजारातच सोडून जातं का? पण ह्यांना कोण सांगणार, मालक बदलला ना!

आता भिकन एकटाच ओढतो. कंबर धरली, परवा पंचवीस मिनिटं लागली, तर व्यंकटराव घड्याळ बघत म्हणतात, "भिकन, त्या दिवशी तर बावीस लागली होती?"

शेवटी गेला बिचारा मेव्हण्याच्या दारात. म्हणाला, आपल्या चौघांसाठीच पळालो रं. धोंडिबानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मंग म्हणाला, "पळाले तुम्ही, दाजी. दम आमचा गेला."

अन् चहा पुढं केला... काय करता, दाजीला बिनचहाचं कसं पाठवायचं?