अकरा दिवसांचं पाणी

लेक: कागद पालथा घालून ठेवला म्हणजे तो नाहीसा होत नाही, बाबा. सही करा.

बाबा: चहा घे आधी. निवत चाललाय.

लेक: दोन कप झाले माझे. उद्या दुपारी समितीची शेवटची बैठक आहे. साडेपाचची गाडी चुकली तर हा कागद माझ्या पिशवीतच राहील आणि धोरण त्याच्याशिवाय छापायला जाईल.

बाबा: तुमच्या मंत्रालयाला पोस्टमन मिळत नाहीत का? पोटच्या पोरीला धाडलंय ते.

लेक: तीन पत्रं धाडली. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, तुमचेच वडील आहेत, तुम्हीच जा आणि काय ते बघा.

बाबा: राष्ट्रीय हवामानबदल अनुकूलन धोरण. नाव वाचतानाच धाप लागते. अनुकूलन म्हणजे जुळवून घेणं, असंच ना?

लेक: असंच.

बाबा: तुझ्या आईनं माझ्याशी चोवीस वर्षं जुळवून घेतलं. तिला नाही कुणी समिती नेमून दिली.

लेक: आईला यात आणू नका.

बाबा: बरं, नाही आणत.

लेक: आणि ती विजार बदला. मिठानं नुसता पुठ्ठा झालाय तिचा. धुता की नाही?

बाबा: धुतो. पण रोज गुडघाभर पाण्यात उतरायचं, रोज मीठ चढायचं. वाळलं की पांढरी रेघ आलीच. तुमच्या खात्यानं पाणी मोजायचं यंत्र बसवलं होतं ना धक्क्यावर, माणूस लागणार नाही म्हणून? दोन महिन्यांत गंजलं. आता त्यावर बगळे बसतात. मग मीच जातो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण भरतीला ते कळवलेलं नाही कुणी.

लेक: बाबा, विषय बदलू नका. पुन्हा एकदा सांगते, मग नाही सांगणार. किनाऱ्यावरच्या दोनशे सहा गावांच्या तीन याद्या केल्यात. पहिल्या यादीतल्या गावांना बांध मिळणार, दुसऱ्या यादीत घरं उंच करून देणार, तिसरीतली गावं हलवणार. आपलं तिसरीत आहे आणि पहिल्या टप्प्यात आहे. चारशे बारा घरांना वरच्या माळावर जागा, घर, शाळा, दवाखाना. सगळं मंजूर आहे, फक्त एका अटीवर. पाणी किती चढलं याची तीस वर्षांहून जास्त, भरवशाची नोंद हवी. अशी नोंद सबंध किनाऱ्यावर अकराच गावांकडे आहे, आणि अडतीस वर्षांची एकट्या तुमच्याकडे.

बाबा: अडतीस वर्षांत एक वीत. रोज बघताना कळलं नाही. वही मागे उलटली तेव्हा कळलं.

लेक: तीच वीत धोरणात जायला हवी.

बाबा: म्हणजे मी मोजलं म्हणून गाव उठणार.

लेक: पाणी चढलं म्हणून उठणार. तुम्ही मोजलं म्हणून वेळेवर उठेल.

बाबा: हे तू न्हाव्याला सांग. काल गालाला साबण फासला, वस्तरा गळ्याशी आणला आणि विचारतो कसा, ‘मोजणीदार, तुमची वही कधी भिजली-बिजली तर हो?’ मी काय बोलणार? मान हलवायचीही सोय नव्हती.

लेक: भिजली तर काय होईल ते सांगायचं होतं त्याला. आपलं गाव या तिन्हींबाहेर, चौथ्या यादीत जाईल. माहिती अपुरी. पाच वर्षं नव्यानं मोजायचं, तोवर बांध नाही, जागा नाही, काही नाही. सगळे खूश होतील की घर सुटलं नाही. आणि मग एका वादळात...

बाबा: सांगितलं ना. अगदी हेच सांगितलं. दाढी पुरी झाल्यावर.

लेक: मग? तुम्हाला सगळं पटलंय तर सहीचं घोडं अडलंय कुठे?

बाबा: यात असं लिहिलंय, की वहीतल्या सर्व नोंदी मी स्वतः धक्क्यावर जाऊन, पाण्याची पट्टी पाहून केल्या आहेत.

लेक: केल्यातच ना?

बाबा: आज पावणेपाचला भरती आहे. माझ्या चपला तू कुठे सरकवल्यास?

लेक: बसा खाली. तीन वाजलेत आत्ताशी. बाबा, जे पत्रात लिहिलं नव्हतं ते आता विचारते. समितीत एक बाई आहेत, समुद्राच्या अभ्यासक. त्यांनी तुमच्या वहीवर एका ठिकाणी लाल खूण केलीय. एकोणीस वर्षांपूर्वीचे अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत वरच्या बंदरात पाणी हातभर चढलं होतं, खालच्या बंदरातही चढलं होतं. आणि मधे आपल्या गावात, तुमच्या वहीत, समुद्र गाढ झोपलेला.

बाबा: कोणते दिवस ते ठाऊक आहे मला.

लेक: मलाही ठाऊक आहे. आईचे शेवटचे.

बाबा: आईला आणायचं नाही म्हणालीस.

लेक: तुम्हीच आणलंत. एकोणीस वर्षांपूर्वी आणलंत. ती पानं माझ्या टेबलावर आली बाबा, फोटो काढलेली. त्या अकरांतल्या पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी आईच्या अक्षरातल्या आहेत. सुरुवातीला सरळ आहे अक्षर. मग ओळ खाली उतरत जाते. दहाव्या दिवशी तर चारचा आकडा पुरा झालेलाच नाही. अंगात ताप, श्वास लागलेला, आणि तुम्ही तिच्या हातात पेन दिलंत?

बाबा: ती कायमच लिहायची वही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी पट्टी बघून यायचो, दारातूनच आकडा सांगायचो, ती लिहायची. वहीच्या पहिल्या पानापासून तसंच होतं.

लेक: ती मरत होती. वादळात तारा तुटलेल्या, रस्ते बंद. मला बारा दिवसांनी पोचता आलं. मी आले तर ती नव्हती, आणि फळीवर ही वही उघडी होती. त्या दिवशीच्या सकाळची नोंद तुमच्या अक्षरात. सहा वाजून दहा मिनिटं. आई गेली ती सहाच्या सुमाराला, असं आत्या म्हणाली. मी तेव्हा हिशेब केला आणि गप्प बसले. म्हटलं, हा माणूस तिला सोडून पट्टी बघायला गेला होता. एकोणीस वर्षं मी सुट्टीला येते, चहा पिते, तुमच्याशी इकडचं तिकडचं बोलते, आणि तुमच्याकडे बघितलं की मला सहा वाजून दहा मिनिटं दिसतात.

बाबा: ठाऊक आहे.

लेक: ठाऊक आहे? मग बोलला का नाहीत कधी?

बाबा: काय बोलायचं? तू मला कठोर समजलीस. पण खरा समजलीस. म्हटलं, तेवढं तरी कशाला घालवा.

(ते उठून फडताळातून जुनी वही काढतात. ती दोघांच्या मधे ठेवतात. उघडत मात्र नाहीत.)

लेक: बाबा?

बाबा: मी गेलोच नव्हतो.

लेक: कधी?

बाबा: एकही दिवस. अकराच्या अकरा. धक्का इथून दहा मिनिटांवर, पण माझा पाय निघेना. आणि ती घड्याळाकडे बघायची. भरतीची वेळ तिला माझ्याआधी कळायची. म्हणायची, ‘जा ना, रकाना रिकामा राहील. मी काही पळून जात नाही.’ नाही गेलो तर तिचा जीव टांगणीला. गेलो तर माझा.

लेक: मग?

बाबा: मग मागच्या दारी जायचो. हौदाशी थांबायचो थोडा वेळ. विजार गुडघ्यापर्यंत भिजवायची, पाय भिजवायचे आणि पुढच्या दारानं आत यायचं. आकडा सांगायचा.

लेक: मनातला?

बाबा: मनातला. लहानच सांगायचो. वाऱ्याची तिला फार धास्ती होती. म्हणायचो, पाणी शांत आहे. एकदा म्हणाली, ‘एवढा वारा, आणि पाणी एवढंच?’ मी म्हटलं, वारा जमिनीकडून आहे, पाण्याला मागे लोटतोय. तिनं लिहून घेतलं. पेन मी नव्हतं दिलं गं. तीच मागायची. ते लिहून झालं की तिला थोडी झोप लागायची.

लेक: आणि शेवटच्या सकाळी?

बाबा: तिचा हात माझ्या हातात होता. सहाला सुटला. रकाना रिकामा ठेवू नका, असं आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. म्हणून लिहिलं. घड्याळात बघितलं तर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढंच त्या नोंदीतलं खरं आहे.

लेक: तिला कळलं नाही कधीच?

बाबा: सातव्या की आठव्या दिवशी मी खाटेशी बसलो होतो. विजार वाळली होती. तिनं हात लांब केला, माझ्या गुडघ्याजवळ बोट फिरवलं. रोज फिरवायची, मीठ झाडायला. बोट बघितलं आणि म्हणाली, ‘आज समुद्राचं पाणी गोडं आहे वाटतं.’

लेक: आणि?

बाबा: आणि पेन मागितलं.

लेक: बाबा...

बाबा: रडू नको. एकोणीस वर्षं जुनं आहे ते.

लेक: माझ्यासाठी नाही. मला आजच कळलंय.

बाबा: हं. ते खरं.

लेक: मी किती वाईट वागले तुमच्याशी. पत्रंसुद्धा खात्याच्या कागदावर पाठवली.

बाबा: वळणदार असतात तुझी पत्रं. आईसारखी. म्हणून उत्तर दिलं नाही, म्हटलं चौथं येईल. आता हे सांग, तुझ्या त्या बाईंना काय सांगणार? मोजणीदारानं खोट्या नोंदी केल्या, म्हटलं तर सगळी वहीच गेली ना?

लेक: तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर वही जाते. संशयास्पद म्हणून. तुम्ही लेखी दिलंत की एवढ्या अकरा नोंदी खोट्या आहेत आणि बाकीच्या खऱ्या, तर अकराच कापल्या जातात. बाकीची वही राहते.

बाबा: आणि वीत?

लेक: वीत ती वीतच. मी दोनदा करून बघितलं. अकरा दिवस काढले तरी काही फरक पडत नाही. गाव तिसऱ्या यादीतच राहतं.

बाबा: मी गप्प बसलो तर आणखी पाच वर्षं हे घर. ही खाट. हौद.

लेक: हो.

बाबा: आणि सही केली तर सगळ्या देशाच्या कागदावर लागणार, की हा खोटारडा. शिवाय गाव म्हणणार, यानंच उठवलं.

लेक: हो, बाबा. खोटं नाही बोलणार तुमच्याशी. परिशिष्टात छापून येईल. कुणीही वाचू शकेल.

बाबा: न्हावी काही वाचणार नाही. पण त्याचा नातू वाचेल. चार वर्षांचा आहे. त्यांचं घर माझ्याही खालच्या बाजूला आहे. परवाच्या भरतीला पायरी ओली झाली त्यांची.

लेक: तुम्ही ठरवा. मी आज खात्याची म्हणून काही बोलणार नाही.

बाबा: मी ठरवून काय होतंय. पाण्यानं ठरवलंय. दे इकडे कागद. ‘सर्व’ खोडतो आणि लिहितो, अकरा दिवस सोडून. चालेल?

लेक: चालेल. शेजारी छोटी सही करा. खाली मोठी.

बाबा: हे घे. अक्षर तेच, कोंबडी तेवढी म्हातारी झाली.

लेक: आणखी एक रकाना राहिला. नोंद न घेण्याचं कारण. यंत्र बिघडलं, पट्टी तुटली, आजारपण, असं काहीतरी लिहितात. छोटासाच आहे, चार शब्द मावतील. मी भरते. काय लिहू?

बाबा: लिही, नोंद करणारा घरी होता.