साहेबांना चालत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "चोथा नीट भिजलाय ना गं? कोरडा राहिला तर साहेबांच्या घशात अडकेल!" तुम्हाला सांगते, पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या घशात काय काय अडकलं, ते कधी नाही विचारलं या माणसानं!

साहेब म्हणजे आमचा घोडा. हसू नका! आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं कचेरीत साहेबांची मर्जी सांभाळली, रिटायर झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात फिरायला म्हणून गेले ते घोडा घेऊन आले. घोडेस्वारीच्या शाळेतला, अठरा वर्षांचा, म्हातारा. शाळेचा मालक म्हणाला, "नेता का? नाहीतर..." आणि त्या 'नाहीतर'च्या पुढे तो काही बोललाच नाही म्हणे. मग काय, गॅरेजमधली गाडी विकली, आत भुसा अंथरला, आणि नाव काय ठेवलं? साहेब! सवय मोडेना हो, दुसरं काय! मध्ये एकदा ह्यांनी फाटकातून ओरडून सांगितलं, "अगं, साहेबांच्या पाठीला फार खाज सुटलीय, जरा ब्रश आण!" शेजारीण आठ दिवस माझ्याकडे कशी बघत होती, काय सांगू!

तर ही खाज. नुसती खाज नाही, अंगभर उठलेल्या गांधी, आयाळ घासून घासून झडलेली, शेपटीच्या मुळाशी कातडं सोललेलं... बघवत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "ह्याची कातडी नाजूक आहे, ह्याला गोड सोसत नाही. साखर कमी आणि तंतू जास्त, अशी चंदी द्या." झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात एकच मंत्र: साहेबांना चालत नाही! आणि हे कोण सांगतंय? ज्यांचा स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पालथा पडलाय, ते!

मग आमची वरात खाद्याच्या दुकानात. दुकानदारानं पहिलं पोतं काढलं, वर उधळलेला घोडा, चकचकीत, आणि वास तर असा गोड की मलाच वाटलं, घ्यावं थोडं तोंडात टाकायला. ह्यांनी खिशातून भिंग काढलं. भिंग! पोत्यावर डोकं टेकवून वाचतायत, वाचतायत... "मळी आहे ह्यात! साखरेचा काळा पाक! साहेबांना चालत नाही!" दुसरं पोतं. "ह्यात ओट्स. पिष्ट फार. साहेबांना चालत नाही!" तिसरं, चौथं... मागे ही रांग लागली, आणि हे विचारतायत, "साखर अधिक पिष्ट मिळून शेकडा किती, ते सांगा. दहाच्या वर नको." दुकानदार बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, घोडा खातो हो, वाचत नाही!"

शेवटी कोपऱ्यातून एक करडं पोतं निघालं. चित्र नाही, वास नाही, काही नाही. आत बिनमळीचा बिटाचा चोथा, वाळवलेला लसूणघास आणि थोडं जवस. दुकानदार म्हणाला, "हे कुणी नेत नाही हो." हे म्हणाले, "म्हणजे चांगलंच असणार!"

घरी आल्यावर माझा स्वयंपाकघरातला काटा गेला गॅरेजमध्ये. एकदम बदल नको, पोट बिघडेल, म्हणून रोज जुनं मूठभर कमी, नवं मूठभर जास्त. माझा कपड्यांचा टब गेला, कारण सुकं गवतसुद्धा पाण्यात भिजवायचं, म्हणजे त्यातली साखर उतरते! मी म्हटलं, "अहो, घोडा आहे तो, जावई नाही!" तर म्हणतात, "जावयाला काहीही चालतं. साहेबांना चालत नाही."

पण तीन आठवडे झाले तरी खाज जाईना हो! उलट मानेजवळ रक्त यायला लागलं. ह्यांचं जेवण सुटलं. दिवसभर गॅरेजमध्ये स्टुलावर बसून माशा वारायचे. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आठ दिवस बघू. जखमा चिघळल्या, तर माझ्या ओळखीचं लांब एक कोरडं, माशा-चिलटं नसलेलं माळरान आहे, तिथं पाठवावा लागेल. फक्त ह्या वयात इतका प्रवास..." त्याही पुढे बोलल्या नाहीत. मग विचारलं, "बाहेरचं काही खातो का?" हे उसळलेच, "छे! माझ्या घरात? शक्यच नाही!"

आणि मी... मी पडद्याच्या सुरकुत्या सारख्या करायला लागले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! सकाळी हे टब घेऊन गवताच्या मागे, आणि मी एकटी खिडकीशी चहाला. अंगणात मोकळे सोडलेले साहेब खिडकीतून मान आत घालायचे, वरचा ओठ असा लांब करून... एक बिस्किट दिलं. मग दोन. मग क्रीमचं. मग चार! अहो, माझ्या हातचं इतकं मन लावून कुणी खाल्लंय कधी?

रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं सगळं. म्हटलं, आता घर डोक्यावर घेतील. हे ताट सारून उठले, गॅरेजमध्ये गेले. मी घाबरून मागोमाग. बघते तर साहेबांचा कान धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणतायत, "अरे, निदान तू तरी मला सांगायचंस! रोज चार-चार... आणि क्रीमची?"

दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद. साहेब नाकानं काचेवर टकटक करायचे, मी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे. पण आठव्या दिवशी जखमा सुकल्या, पंधराव्या दिवशी मानेवर बारीक लव आली, आणि डॉक्टरीणबाईंनी माळरानाचा विषयच काढला नाही. हे शेजारणीला सांगतायत, "पोतं निवडता आलं पाहिजे!" म्हटलं, असू दे बाई.

काल गॅरेजच्या दारावर ह्यांनी स्वतः रंगवून पाटी लावलीय. 'साहेबांना बाहेरचे खाद्य देऊ नये.' आणि खाली, लाल अक्षरांत, कचेरीतल्यासारखं: 'सौ. यांनी विशेष नोंद घ्यावी.' घराच्या दारावर आजवर एकट्या ह्यांचंच नाव हो... पस्तीस वर्षांनी का होईना, पाटीवर लागले बाई मी एकदाची!