शेजारच्या दुकानातला खजूर

हॅलो? …नंदे? मामा बोलतोय, धाहरानवरून. मिस्ड कॉल दिलास ना?… हो, हो, जेवलो. तू बोल.

अर्ज? पोचला की. इंग्रजी माझ्या खोलीतल्या दापोलीच्या सिराजुद्दीनने वाचून दाखवलं. खाली मराठीत लिहिलंयस ते मी वाचलं… सावकाश, पण माझं मी.

नाही आवडला… अगं ऐक ना! ‘मी वडील नसलेली मुलगी, आपली आजन्म ऋणी राहीन’… हे काय? तालुक्याच्या शाळेत फी माफीला लिहितात तसं? त्या कॉलेजला तू हवी आहेस, म्हणून बोलावलंय ना? मग पाया कशाला पडतेस?

हे बघ. बोस्टनवाले निम्मी फी माफ करतात, शिकागोवाले सगळी. बरोबर?… आणि तुला जायचंय बोस्टनला, कारण समुद्राचा कायदा तिथं चांगला शिकवतात… मग हेच लिही! एवढंच.

भीक? भीक कसली? मी हुफूफला खजूर घ्यायला जातो ना, तेव्हा शेजारच्या दुकानातला एक खजूर तळहातावर ठेवतो आणि अलीच्या दुकानात उभा राहतो. भांडत नाही. म्हणतो, अली, मला तुझाच माल हवाय, पण शेजारी हा या भावाने मिळतोय. आता तू बोल…

हसतेस काय? प्रोफेसर खजूर विकत नाहीत, कबूल. पण फी ठरवणारा माणूस वेगळा असेल की नाही?… हां! त्याला लिही. शिकागोचं पत्र सोबत जोड.

लंडनचं? आलंय पत्र?… नाही ना? मग नाव घ्यायचं नाही. हात रिकामा असेल तर तोंड उघडायचं नाही. अली आधी हातच बघतो.

उद्या शेवटची तारीख ना? मग आजच पाठव… आणि नाही म्हणाले तरी बोस्टनच. उरलेल्या फीचं मी बघतो… कसं म्हणजे? मी आहे ना.

…कोण म्हणालं? …सिराज! तूच फोडलंस ना? बघ, तोंडावर चादर ओढून हसतोय दापोलीकर.

अगं, अजून दोनच वर्षांचा नवा करार. तेलाला भाव आलाय, वेल्डर मिळत नाहीत, कंपनी पगार वाढवतेय… सही? नाही केली अजून. आज संध्याकाळी…

काय? मी सही केली तर तू बोस्टनला लिहिणारच नाहीस? सरळ शिकागो? …अगं, मामाशीच घासाघीस?

बरं, एक वर्ष… सहा महिने?… अगं, तू पण थोडं वर ये की!

ऑगस्टमध्ये? तुला विमानतळावर सोडायला…

हं.

…हो गं. इतकी वर्षं तुम्हीच मला सोडायला येत होतात. ताई तर काचेपाशी उभीच राहायची.

आणि बोस्टनवाल्यांनी फी नाही सोडली तर?… शिकागो. मनापासून?… खरं सांग… बरं. समुद्र तिथंही कुणीतरी शिकवेल.

झालं, तुझ्याच भावाला. येतो जुलैत, कायमचा.

पाठव आता… आधी मी? मामावर विश्वास नाही?… बरं बाई, उठलो. ऑफिस बंद व्हायच्या आत सांगून येतो, नवा करार नको म्हणून. सिराज, माझी चप्पल कुठाय रे?… ठेव, नंदे… नाही, तू ठेव… अगं, रडत काय बसलीस, अर्ज लिहायचाय ना?… बरं. मीच ठेवतो.